टाकीतल्या समुद्राला भरती कोण आणणार?

मराठीत समुद्रफूल, फारसीत शकायक-ए-दर्याई, इंग्रजीत सी ॲनिमोन. शकायक हे रानात उमलणाऱ्या लाल फुलाचे नाव आणि ॲनिमोन हेही मुळात एका फुलाचेच नाव. म्हणजे तीन वेगवेगळ्या भाषांतल्या माणसांनी हा जीव पाहिला आणि तिघांनाही फूलच आठवले. वर्गात उर्दू आणि मराठी शब्दांचे धागे जुळवून दाखवताना अशी उदाहरणे फार उपयोगी पडतात. पण अलीकडे या नावाची मला गंमत कमी आणि काळजी जास्त वाटते. जे फूल म्हणून विकले जाते ते फुलासारखेच ठेवले जाते. दिवाणखान्यात मांडायचे, पाहुण्यांना दाखवायचे आणि कोमेजले की दुसरे आणायचे.

समुद्रफूल हा प्राणी आहे. पोवळ्यांचा सख्खा नातेवाईक आणि जेलीफिशचा दूरचा. त्याला एकच तोंड असते. त्यातूनच अन्न आत जाते आणि न पचलेले त्यातूनच बाहेर पडते. ज्या पाकळ्या वाटतात ते त्याचे हात समजा. त्यांत डंख मारणाऱ्या सूक्ष्म पेशी असतात. खाली स्नायूंचा पाय असतो. त्याने तो खडक घट्ट धरतो आणि जागा मानवली नाही तर त्याच पायाने सावकाश चालूही लागतो. आपण जी मोठी समुद्रफुले टाकीत ठेवतो त्यांच्या अंगात एकपेशीय शैवाल राहते. ते उजेडावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देते. भाडेकरू आणि घरमालक यांचा इतका गुण्यागोविंदाचा संसार आपल्या इमारतींत क्वचितच दिसेल.

कुळगाव, अंबरनाथ, उल्हासनगर या पट्ट्यात आता खाऱ्या पाण्याच्या टाक्या ठेवणारे तरुण भेटू लागले आहेत. गप्पी आणि गोल्डफिशवर ज्यांचे मन भरत नाही ते कुर्ल्याच्या बाजाराची वाट धरतात. निळसर एलईडी दिवा, मीठ, खडक, मग केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचा क्लाउनफिश. ‘फाइंडिंग निमो’ २००३ साली आला. ज्यांनी तो शाळेत असताना पाहिला ती मुले आता कमावती झाली आहेत. निमो घरी आला की निमोचे घरही हवेसे वाटते, आणि काही हजार रुपये मोजून समुद्रफूल पिशवीतून घरी येते. हौसेला माझी हरकत नाही. आठ तास कारखान्यात किंवा कार्यालयात आणि तीन तास लोकलमध्ये घालवणाऱ्या माणसाने रात्री अर्धा तास माशांकडे पाहत बसावे, यात वाईट काहीच नाही.

माझे म्हणणे दोन वाक्यांचे आहे. त्रासात पडलेल्या समुद्रफुलाला बाटलीतले औषध वाचवत नाही, स्थिर पाणी वाचवते. आणि स्थिर पाणी देण्याची ज्याच्या घरी सोय नाही त्याने ते घरी आणू नये. विक्रीच्या घाईत या दोन गोष्टी बहुधा सांगायच्या राहून जातात, म्हणून इथे लिहितो.

माझा एक जुना विद्यार्थी कुळगावातच राहतो. चांगल्या नोकरीत आहे, दोनशे लिटरची टाकी आहे. गेल्या एप्रिलमध्ये त्याचा फोन आला. “सर, समुद्रफुलाचं तोंड उघडं पडलंय, अंग आक्रसलंय. दुकानदार म्हणतो ही बाटली टाका. टाकू का?” मी मत्स्यतज्ज्ञ नाही. पण खाऱ्या पाण्याच्या टाक्यांविषयी बरीच वर्षे वाचतो, पाहतो आणि शिक्षकाला सवय असते ती प्रश्न विचारण्याची. म्हटले, बाटली राहू दे. गेल्या दोन दिवसांत काय काय केलेस ते क्रमाने सांग.

त्याने सांगितलेली यादी अशी. समुद्रफूल एका कोपऱ्यात जाऊन बसले होते, ते छान दिसत नव्हते म्हणून काचेवरून सोडवून मधल्या खडकावर ठेवले. मग ते मलूल दिसले म्हणून कोळंबीचा मोठा तुकडा तोंडावर ठेवला. तो त्याने बाहेर टाकला म्हणून अर्धी टाकी पाणी बदलले. मग उजेड कमी पडत असेल म्हणून दिवा वाढवला. आणि आता औषध. मी म्हटले, अरे, घरात माणूस आजारी पडला आणि दोन दिवसांत त्याची खोली, अंथरूण, जेवण, दिवा सगळे बदलले, वर दर तासाला एक नातेवाईक येऊन त्याला हलवून विचारू लागला की कसे वाटतेय, तर धडधाकट माणूसही झोपेल की नाही?

इथेच सगळ्यांची गल्लत होते. त्रासलेला जीव दिसला की हात शिवशिवतात. काहीतरी केले पाहिजे असे वाटते, आणि काहीतरी करणे म्हणजे काळजी घेणे अशी आपली समजूत असते. समुद्रफुलाच्या बाबतीत हे उलटे आहे. त्याला आधी आपल्या हातांपासून वाचवावे लागते.

आधी हे ओळखायला हवे की ते खरोखर त्रासात आहे का. समुद्रफूल अधूनमधून स्वतःहून आक्रसते. शरीरातले जुने पाणी आणि घाण बाहेर टाकते, काही तास चुरगळलेल्या रुमालासारखे पडून राहते आणि पुन्हा फुगते. तपकिरी रंगाचा चिकट दोरा तोंडातून बाहेर पडला तरी लगेच घाबरायचे कारण नाही. तोंड घट्ट मिटलेले, स्पर्शक भरलेले आणि चिकट, पाय खडकाला धरलेला असेल तर ते ठीक आहे. दिवसेंदिवस तोंड सैल राहणे, आतला भाग बाहेर आलेला दिसणे, स्पर्शकांचा चिकटपणा जाणे, पाय सुटणे, जागा धरता न येणे, रंग उडत पांढरे पडणे ही मात्र त्रासाची लक्षणे. एका तासाचे चित्र पाहून निर्णय घेऊ नये. दोन-तीन दिवसांची नोंद पाहून घ्यावा.

त्रास दिसला की पहिले काम मोजण्याचे. तापमान २५ ते २७ अंश. क्षारता एका लिटरला सुमारे ३५ ग्रॅम, म्हणजे रिफ्रॅक्टोमीटरवर १.०२५ ते १.०२६. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. पीएच ८.१ ते ८.४. अल्कलिनिटी ८ ते १० डीकेएच आणि दर आठवड्याला तीच. तांबे अजिबात नको. माशांच्या अंगावरचे पांढरे ठिपके घालवायला दुकानात मिळणाऱ्या अनेक औषधांत तांबे असते. मासा ते सोसतो, समुद्रफूल सोसत नाही. त्या बाटलीवर ‘तांबे’ किंवा ‘कॉपर’ आहे का हे वाचल्याशिवाय तिचे झाकणही उघडू नये. नळाचे पाणी थेट वापरू नये. त्यात क्लोरीन असते आणि पितळी तोट्यांमधून तांबेही उतरू शकते. टाकीसाठी आरओ-डीआय यंत्रातून गाळलेलेच पाणी हवे.

क्षारतेचा हिशेब तर पाचवी-सहावीतल्या मुलाला जमेल असा आहे, आणि तिथेच सुशिक्षित माणसे चुकतात. दोनशे लिटर पाण्यात लिटरला ३५ ग्रॅम म्हणजे ७ किलो मीठ. उन्हाळ्यात पंख्याखाली आठवड्याला १० लिटर पाणी सहज उडून जाते. उडते ते फक्त पाणी, मीठ तिथेच राहते. आता ही तूट कोणी मिठाच्या पाण्याने भरली तर दर आठवड्याला ३५० ग्रॅम मीठ वाढले. चार आठवड्यांत १,४०० ग्रॅम. म्हणजे टाकीत आता ८ किलो ४०० ग्रॅम मीठ आणि लिटरला ४२ ग्रॅम. टाकी काठोकाठ भरलेली, पाणी काचेसारखे स्वच्छ, आणि आतला जीव खारवला जातो आहे. उडालेल्या पाण्याची भरपाई नेहमी गोड्या, गाळलेल्या पाण्याने करायची. मिठाचे पाणी लागते ते फक्त टाकीतले पाणी काढून बदलताना.

आता तापमान. माझ्या विद्यार्थ्याने छातीठोक सांगितले, “सर, रोज पाहतो, अठ्ठावीस असतं.” मी विचारले, किती वाजता पाहतोस? म्हणाला, रात्री दहाला, आल्यावर. कुळगावचा उन्हाळा ज्याने काढला आहे त्याला पुढचे सांगायला नको. एप्रिल-मे महिन्यांत इथला पारा चाळिशी ओलांडतो आणि वरच्या मजल्यावरची खोली दुपारी तव्यासारखी तापते. मी म्हटले, घरी दुपारी कोण असते? म्हणाला, अम्मी. मग अम्मींना थर्मामीटर वाचायला दाखव आणि दुपारी तीन वाजता आकडा लिहून ठेवायला सांग. त्या माउलीने चार दिवस आकडे लिहिले. साडेएकतीस, एकतीस, बत्तीस, साडेएकतीस. रोज दुपारी बत्तीस आणि रात्री अठ्ठावीस, म्हणजे रोज तीन-चार अंशांचा झोका. आजाराचे नाव सापडले आणि ते कुठल्याही बाटलीवर छापलेले नव्हते.

आपल्याकडच्या टाक्यांची ही मोठी गोष्ट आहे आणि परदेशी माहितीपत्रकांत ती लिहिलेली नसते. टाकीचा मालक पहाटेची लोकल पकडतो आणि रात्री परततो. टाकीची सगळ्यात वाईट वेळ दुपारची असते आणि त्या वेळी घरात असतात आई, बायको, बहीण. टाकीवर खर्च करणारा वेगळा आणि टाकीपाशी हजर असणारा वेगळा. हजर असणाऱ्याला कोणी काही शिकवलेले नसते. उलट “हात लावू नका” एवढेच सांगितलेले असते. माझे स्पष्ट मत आहे की ज्या घरात समुद्रफूल आहे तिथे दुपारी घरी असणाऱ्या व्यक्तीला थर्मामीटर वाचता आला पाहिजे, वीज गेली तर काय करायचे ते माहीत असले पाहिजे, आणि तिच्या शब्दाला मान असला पाहिजे. अम्मींनी सांगितले की पाण्याला वास येतोय, तर तो येतोय. माणसाचे नाक हेही मोजमापाचे साधन आहे.

उष्म्यावर चिलर हा पक्का उपाय, पण त्याचा खर्च पुष्कळांच्या आवाक्याबाहेर. मग टाकीचे काचेचे झाकण काढून जाळी बसवावी आणि पाण्याच्या पृष्ठभागावर लहान पंखा सोडावा. बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. पावसाळ्याच्या दमट हवेत पंख्याचा उपयोग कमी होतो, पण तेव्हा उकाडाही कमी असतो. दिवा दुपारऐवजी संध्याकाळी लावावा. बर्फाचे खडे पाण्यात टाकू नयेत; तापमान एकदम पडते आणि वितळलेल्या पाण्याने क्षारताही. तापमान उतरवायचे तेही सावकाश.

वीज जाण्याचे दुःख आपल्या पट्ट्यात वेगळे सांगायला नको. पहिल्या वादळी पावसात चार-सहा तास वीज नसणे ही कोणासाठीच बातमी नसते. पंप थांबला की पाण्याचा प्रवाह थांबतो आणि पाण्यातला ऑक्सिजन घटू लागतो. समुद्रफुलाला फुफ्फुसे किंवा कल्ले नसतात. वाहत्या पाण्यातूनच ते त्वचेने श्वास घेते. बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप स्वस्तात मिळतो. घरात इन्व्हर्टर असेल तर प्रवाह देणारा एक पंप त्यावर जोडावा, तो फार वीज खात नाही. दिवा एक दिवस नसला तरी बिघडत नाही, प्रवाह नसला तर बिघडते.

याच पंपाची दुसरी बाजू भीषण आहे. त्रासलेले समुद्रफूल चालू लागते आणि चालता चालता पंपाच्या तोंडाशी जाते. तिथे ते ओढले जाऊन त्याचे तुकडे होतात आणि त्या तुकड्यांच्या विषाने उरलेली टाकीही आजारी पडते. ज्या दिवशी समुद्रफूल आणायचे त्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक पंपाच्या तोंडावर जाळी किंवा स्पंज बसलेला असला पाहिजे.

उपचाराचे बाकी नियम थोडे आहेत. त्याने धरलेली जागा त्याची. ती आपल्याला आवडत नसेल तर आपण सोफा हलवावा, समुद्रफूल नाही. पाय ओढून सोडवला तर फाटतो, आणि फाटलेला पाय हे जंतूंना दिलेले आमंत्रण. पाणी एकदम अर्धे बदलू नये. तीन-चार दिवसांआड दहा टक्के, तेही टाकीच्याच तापमानाचे आणि क्षारतेचे. गाळणीत ताजा सक्रिय कोळसा ठेवावा. रंग उडालेले असेल तर आतले शैवाल गेले आहे आणि घरात शिजवणारे कोणी उरलेले नाही असे समजावे. अशा वेळी मध्यम उजेड ठेवून तो काही आठवड्यांत हळूहळू वाढवावा आणि स्पर्शक चिकट असतील तरच आठवड्यातून दोनदा कोळंबीचा नखाएवढा तुकडा द्यावा. तोंड सैल पडलेल्या समुद्रफुलाला भरवू नये. ज्याला पचवता येत नाही त्याच्या पोटात अन्न सडते. क्लाउनफिश सारखा अंग घासून त्याला बेजार करत असेल तर काही दिवस मधे जाळीचा आडोसा करावा. माशाला समुद्रफुलाशिवाय टाकीत आयुष्य काढता येते आणि समुद्रफुलालाही माशावाचून काही अडत नाही.

परदेशांतले काही अनुभवी लोक नव्याने आणलेल्या समुद्रफुलाला वेगळ्या भांड्यात ठेवून प्रतिजैविक देतात. इथे ते ऐकून कोणी औषधाच्या दुकानातून माणसांच्या गोळ्या आणून थेट मोठ्या टाकीत विरघळवतात. त्याने टाकीतले उपकारक जिवाणूही मरू शकतात, अमोनिया वाढतो, आणि ते औषधी पाणी शेवटी गटारातून उल्हास नदीकडे जाते. त्या नदीच्या वाट्याला आधीच पुरेसे आलेले आहे.

आणि वाचणार नाही हे कसे ओळखावे? अंग विरघळू लागले, हात लावताच सुटे होऊ लागले, कुजका वास सुटला तर ते गेले. ते त्याच दिवशी बाहेर काढावे, नाहीतर इतर जीवही जातील. माझ्या विद्यार्थ्याचे वाचले. पंखा लागला, दिव्याची वेळ बदलली, बाटली उघडली गेली नाही. तीन आठवड्यांनी तोंड मिटू लागले, रंग परतायला पावसाळा उजाडला. श्रेय कोणाला द्यायचे तर दुपारी तीनला चष्मा लावून आकडा लिहिणाऱ्या अम्मींना.

यंत्रे नसतील तर हे अशक्यच, असे मात्र कोणी समजू नये. सर जॉन डॅलिएल या स्कॉटिश निसर्गअभ्यासकाने १८२८ साली किनाऱ्यावरून एक लहानसे समुद्रफूल आणले आणि काचेच्या बरणीत ठेवले. लोक त्याला ‘ग्रॅनी’, म्हणजे आजी म्हणू लागले. डॅलिएल वारले, आजी जगली. एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे असा तिचा सांभाळ होत राहिला आणि ती १८८७ साली एडिंबरात गेली. एकोणसाठ वर्षे! ना पंप, ना एलईडी, ना चिलर. बरणीतले समुद्राचे पाणी नियमित बदलायचे आणि पंधरा दिवसांतून एकदा शिंपल्यातल्या मांसाचा तुकडा द्यायचा. ती थंड हवेची, भरती-ओहोटीच्या पट्ट्यातली काटक जात होती, हे खरे. तरी तिला जगवले ते कोणा ना कोणाच्या न चुकलेल्या नेमाने.

काटक जातीचे उदाहरण पाहायला एडिंबरला जायची गरज नाही. बदलापूर स्थानकातून दादर, तिथून पश्चिम रेल्वेने महालक्ष्मी आणि पुढे हाजी अली. भरतीच्या वेळी दर्ग्याची वाट पाण्याखाली जाते हे आपल्याला माहीत असते. ओहोटीला दोन्ही बाजूंना जे खडक उघडे पडतात त्यांच्याकडे मात्र फार कमी जियारतकरू पाहतात. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा गट २०१७ पासून मुंबईच्या किनाऱ्यांवर लोकांना घेऊन हेच दाखवतो. खडकाच्या खळग्यांत समुद्रफुले मिटून बसलेली असतात. उन्हात तापतात, पावसात भिजतात आणि वाट पाहतात. मग कोणी विचारेल, ही एवढे सोसतात तर माझे का सोसत नाही? एक तर प्रवाळभित्तीवरचे समुद्रफूल वेगळे. त्याच्या पिढ्यान्‌पिढ्या जवळपास एकाच तापमानाच्या, एकाच खारटपणाच्या पाण्यात गेल्या आहेत. आणि दुसरे, हाजी अलीच्या खडकावरच्या जिवाला ठाऊक असते की काही तासांत पाणी परत येणार आहे. दिवसातून दोनदा समुद्र त्याची विचारपूस करतो. काचेच्या टाकीत भरती येत नाही. तिथे भरती म्हणजे आपण. आपण थकलो, गावाला गेलो, कंटाळलो की त्या समुद्राची ओहोटी सुरू होते आणि ती संपत नाही.

मांजराला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस आपल्या घरांतल्या लहान मुलांनाही ठाऊक असते. तिचा अपराध मांजर पाळण्याचा नव्हता. तिने त्याला कोंडले, मग ना खायला घातले, ना आपले पोट भरायला मोकळे सोडले. टाकीतला जीव तर मांजराहूनही अगतिक, कारण त्याला मोकळे सोडण्याचा मार्गही उरलेला नसतो. उल्हास नदीच्या गोड्या पाण्यात तो काही तासांत मरेल. मुंबईच्या समुद्रात सोडला तर परक्या पाण्यातले रोग आणि परकी जात आपण तिथे नेऊन सोडली असे होईल. घरी आणला तो क्षण शेवटचा. त्यानंतर परतीचे दार नाही. म्हणून विचार दारातून आत आणण्याआधी करायचा.

समुद्राचा हिशेबही यात येतो. क्लाउनफिशची पैदास आता हॅचरीत होते; आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनेही ते तंत्र साधले आहे. समुद्रफुलांचे तसे नाही, बाजारातली बरीचशी थेट समुद्रातून उपटलेली असतात. फिलिपिन्समध्ये सेबूच्या आसपास अभ्यासकांना दिसले की जिथून ती गोळा केली जातात तिथे समुद्रफुलेही विरळ आणि त्यांच्यातले मासेही विरळ. तापत्या समुद्राचा मार वेगळाच. लक्षद्वीपची पोवळी २०२४ च्या उन्हाळ्यात मोठ्या प्रमाणावर पांढरी पडली. माझ्या विद्यार्थ्याच्या टाकीत जे झाले तेच तिथे मैलोगणती झाले, आणि तिथे पंखा लावता येत नाही. पोवळ्यांना आपल्या वन्यजीव कायद्याने २००१ पासून पहिल्या अनुसूचीत बसवले आहे. २०२० मध्ये कोस्टल रोडसाठी वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरच्या पोवळ्यांच्या १८ वसाहती हलवायच्या होत्या, तेव्हा वनखात्याची परवानगी लागली आणि राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ लागले. एका जिवाची जागा बदलणे किती जोखमीचे असते याची ही सरकारी कबुलीच. आपण मात्र दिवाणखान्याची शोभा म्हणून ती रोज बदलतो.

ज्याला ठेवायचेच आहे त्याने बबल टिप जातीचे समुद्रफूल घ्यावे. ते टाकीत स्वतःहून दुभागते, एकाची दोन होतात. एखाद्या अनुभवी शौकिनाच्या टाकीत दुभागलेले पिल्लू घेतले तर समुद्रातून काही उपटावे लागत नाही आणि ते काचेतल्या पाण्याला सरावलेलेही असते. दुकानातले पांढरेशुभ्र म्हणजे बहुतेक वेळा शैवाल गमावलेले, उपाशी. भडक एकरंगी असेल तर कधी कधी चक्क रंगवलेले. ते दुर्मिळ म्हणून महाग विकले जाते, प्रत्यक्षात आजारी असते. दयेपोटी विकत घेऊ नये. तुमच्या दयेची किंमत दुकानदाराच्या गल्ल्यात जाते आणि त्याच पैशातून पुढची पिशवी येते.

पैसे मोजण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. माझी टाकी निदान सहा महिने, शक्यतो वर्षभर, स्थिर चालली आहे का? मे महिन्यातल्या दुपारी तीन वाजता तिच्यातले पाणी किती तापते हे मला माहीत आहे का? आणि मी घरी नसताना, वीज गेलेली असताना, तिच्याकडे पाहणारे माणूस कोण आहे आणि मी त्याला काही शिकवले आहे का? तिन्हींची उत्तरे असतील तर खुशाल आणावे. एखाद्याचेही नसेल तर क्लाउनफिश एकटा सुखाने राहील, आणि समुद्रफूल पाहायला ओहोटीचे वेळापत्रक बघून एखाद्या रविवारी मुलाबाळांना घेऊन हाजी अलीला जावे. खडकावर जपून पाय ठेवावा, वाकून पाहावे, हात लावू नये. पाणी चढू लागले की परत फिरावे.